बर्फावरचे नारिंगी कोट

नोरीनने चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि घोट न घेताच खाली ठेवला. शाळेच्या वाचनालयात टेबलं जोडून शाळा समितीची सभा बसली होती. हीटर नेहमीसारखा बंद पडलेला, त्यामुळे मंडळी अंगावरचे कोट न काढताच बसलेली. अध्यक्ष मिस्टर लम्ब यांनी घसा खाकरला. लम्ब आमच्या गावातले अंत्यविधीचं काम करणारे गृहस्थ. ते नुसतं 'साखर द्या' म्हणाले तरी ऐकणाऱ्याचा चेहरा आपोआप गंभीर होतो.

"पुढचा विषय," ते म्हणाले, "फेब्रुवारीतली स्कीची सहल. चालू ठेवायची की बंद करायची."

मी बेरिल. शाळेच्या ऑफिसात बसते. फोन घेते, उशिरा येणाऱ्या पोरांना दटावते, आणि समितीची टिपणं लिहायला माझ्याशिवाय कुणी तयार होत नाही म्हणून तीही मीच लिहिते. मत द्यायचा हक्क मला नाही. असता तर त्या संध्याकाळी मी दोन्ही हात वर केले असते.

नोरीन अ‍ॅक्रॉइड आमच्या शाळेची खेळाची बाई. हेकलडेनच्या या सरकारी शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो, आणि तेव्हा दोघींनाही कंबर होती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं तसं फारसं काही नाही. लग्न केलं नाही. आईचं शेवटपर्यंत केलं. यॉर्कशायरच्या पावसात मैदानावर ओरडून ओरडून आवाज कायमचा घोगरा करून घेतला. बढतीच्या भानगडीत पडली नाही, आणि कुणी तिला दिलीही नाही. पण दरवर्षी फेब्रुवारीच्या सुट्टीत ती बसभर पोरं घेऊन फ्रान्सच्या डोंगरात जायची, त्यांना बर्फावरून घसरायला शिकवायची आणि आठवड्याने सगळ्यांना हाडांसकट परत आणायची. तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं हे एवढंच होतं.

खर्च बघितला तर डोळे पांढरे होतील. माणशी हजार पौंडांच्या वर. आमच्या गावात अर्ध्या घरांची आठवड्याची बाजारहाट उधारीवर चालते, तिथे हजार पौंड कोण देतो? डॉक्टर, वकील, गॅरेजवाला हॉब्सन, अशांची पोरं जायची. पण ज्या कंपनीकडून सहल ठरते, ती ठरावीक मुलांमागे एका शिक्षकाला फुकट नेते. नोरीन आपली फुकटची जागा दरवर्षी अशा एखाद्या पोराला द्यायची की ज्याच्या घरी स्कीचं नावसुद्धा कुणी काढलं नसतं, आणि स्वतःचे पैसे पगारातून भरायची. शिवाय वर्षभर केक विकून, रस्सीखेचीच्या शर्यती लावून आणखी दोन-तीन जणांचं जमवायची. पगारातलं हे मला ठाऊक होतं, कारण पावत्या मीच फाडते. इतर कुणाला तिने सांगितलं नाही, आणि मलाही गप्प बसायला लावलं.

या वर्षीची जागा डेमी सगडनची होती. नववीतली, काटकुळी, सारखी नाक ओढणारी पोर. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. बाप कुठे आहे ते त्यालाच माहीत. डेमीच्या आईने आधी साफ नकार दिला होता, कुणाचे उपकार नकोत म्हणून. नोरीन तिच्या घरी तीनदा गेली आणि तिसऱ्यांदा आईने डोळे पुसत हो म्हटलं. तेव्हापासून डेमी कॉरिडॉरमधून चालत नव्हती, घसरत होती. बुकिंग पुढच्या आठवड्यात करायचं होतं, आणि मध्येच ही सभा उपटली.

सभा लावली ती नव्या मुख्याध्यापकांनी. मिस्टर पेल दक्षिणेकडून आलेले, वयाने माझ्या थोरल्याएवढे. वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर सरळ भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेने अशी सहल बंद केली, की सरकारी शाळेने जे द्यायचं ते सगळ्यांना देता आलं पाहिजे, आणि दहातल्या नऊ घरांना जे परवडत नाही त्याची जाहिरात शाळेच्या भिंतीवर लावणं त्यांच्या मनाला पटत नाही. बोलताना ते नोरीनकडे बघत होते आणि त्यांना बोलणं जड जात होतं, हेही मला दिसलं.

सभेआधी बाथरूमच्या दारात नोरीनने मला मतांचा हिशोब ऐकवला होता. पेल आणि पाद्रीबुवा विरुद्ध. डॉक्टरांची बायको मिसेस हॅडली आणि हॉब्सन बाजूने. लम्ब अगदी अडलं तरच मत देतात. ती स्वतः शिक्षकांची प्रतिनिधी, म्हणजे एक मत तिचं. उरली पालकांतून निवडून आलेली कर्स्टी बूथ.

"कर्स्टीची काळजी नाही," नोरीन म्हणाली होती. "मीच नेलं होतं तिला. फुकटच्या जागेवर आलेली माझी दुसरी का तिसरी पोर. दुकानात दिसली की अजून 'मिस' म्हणते गं मला."

मी म्हटलं, मग झालं तर, जिंकलीस तू.

पेल बोलून खाली बसले आणि नोरीन उठली. तिला भाषण करता येत नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती उभी राहिली आणि म्हणाली की तिच्या बापाने जन्मभर गिरणीत लोकर धुतली, आणि ती स्वतः बर्फावर घसरायला शिकली ती गॅसच्या टाक्यांमागे, प्लास्टिकच्या चटया अंथरलेल्या उतारावर, ढोपरं सोलून घेत. खरा डोंगर बघितला तेव्हा ती तिशीला टेकली होती.

"तुम्ही सहल बंद केलीत तर कुणाची बंद होणार?" ती मिसेस हॅडलींकडे वळून म्हणाली. "रागावू नका, पण तुमची नाही होणार. तुम्ही ईस्टरला जालच. बंद होईल ती आमची. वर्षाला चार का होईना, पण आमची चार पोरं त्या डोंगरावर उभी राहतात आणि त्यांना कळतं की हा काही कुणाच्या बापाचा नाही."

हॉब्सनने टेबलावर थाप मारली. पाद्रीबुवांनीसुद्धा मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. आता कर्स्टीने दोन शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी घरी जायचं, असं मला वाटलं.

कर्स्टी बाजारातल्या बेकरीत काउंटरवर असते. तिशी ओलांडलेली, हसतमुख, गिऱ्हाइकाला पाव देताना चार शब्द जास्तच देणारी. त्या दिवशी मात्र ती हातमोजे पिळत बसली होती. लम्बनी तिचं नाव घेतलं तरी तिने मान वर केली नाही.

"मिस, तुम्ही मला फुकट नेलंत," ती म्हणाली. "मी ते विसरले नाही, आणि माझी आई मरेपर्यंत विसरली नाही. पण ते कोट, मिस."

"कोणते कोट?" लम्बनी विचारलं.

नोरीन हसली. खरंच हसली, कारण त्या कोटांचा तिला अभिमान होता. आमच्या गावात पूर्वी रस्त्याच्या कामगारांचे पावसाळी कोट आणि विजारी शिवायचा कारखाना होता. तो बंद पडला तेव्हा उरलेला माल फेकून देणार होते. नोरीनने तो गाडीत भरभरून आणला. बर्फातले कपडे विकत घ्यायचे तर प्रवासाइतकेच पैसे पडतात, आणि फुकटच्या पोरांनी ते कुठून आणायचे? तिच्या आईने मशीनवर बसून त्यांना गरम अस्तरं लावली, पोरापोराच्या मापाने बाह्या आखूड केल्या. भडक नारिंगी रंग. नोरीनला तो रंग देवाने धाडल्यासारखा वाटला, कारण पांढऱ्या बर्फावर नारिंगी पोर मैलावरून दिसतं. धुक्यातसुद्धा तिला आपली पोरं हरवायची भीती नव्हती. दर मार्चमध्ये ते कपडे ती घरी धुवायची आणि गल्लीभर दोरी बांधून वाळत घालायची. आम्ही सगळे ते बघून कौतुक करायचो. मीसुद्धा.

"बाकीच्या पोरांचे कपडे निळे, जांभळे, दुकानातून आणलेले," कर्स्टी सांगत होती. "आम्ही चौघं नारिंगी. पहिल्याच सकाळी आमचं नाव पडलं, खड्डेवाले. 'खड्डेवाले आले, बाजूला व्हा, रस्ता बंद आहे.' तारेवरून वर जायच्या पाळण्यात भलत्याच शाळेच्या एका पोराने मला विचारलं, कुठलं गटार तुंबलंय म्हणून. सगळे हसले. मीपण हसले. न हसून सांगते कुणाला? परत आलो तरी ते नाव गेलं नाही. शाळा सोडेपर्यंत मी खड्डेवालीच होते."

नोरीनच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं. ते काढून घ्यायचं तिला सुचत नव्हतं.

"मला कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"कसं बोलणार, मिस? तुमच्या आईने माझं माप घेतलं होतं. थंडी वाजू नये म्हणून गळ्याशी वेगळी पट्टी लावली होती. त्यांना काय सांगायचं, मला हा कोट नको?"

मिसेस हॅडली लगेच पुढे झाल्या. एवढंच ना, मग कोट बदलू, त्या स्वतः देणगी द्यायला तयार आहेत, छान रंगीबेरंगी घेऊ. बाई मनाने चांगली आहे, पण मला तिच्या हातातला कप ओढून घ्यावासा वाटला.

"कोट बदललात तर गॉगल असेल," कर्स्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हेच भयंकर होतं. "गॉगल दिलात तर डोंगरावर कोण गरम चॉकलेट पितंय आणि कोण बाकावर बसून घरचं सॅन्डविच खातंय ते दिसेल. गणवेशात आम्ही सगळे सारखे दिसतो. शाळेचं तेवढं एक मला आवडायचं. तेच शाळेने स्वतः डोंगरावर नेऊन मोडायचं? माझी एमी आठवीत आहे. तिला जायचंय. मी नाही म्हटलं तर दोन दिवस जेवली नाही. कारण मी तिला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही."

नोरीन हळूच खाली बसली. मग तिने विचारलं, आणि ते समितीला नव्हतं, फक्त कर्स्टीला होतं.

"काहीच चांगलं नव्हतं का गं? त्या आठवड्यात?"

कर्स्टीने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"होतं ना. शेवटच्या दिवशी तुम्ही आम्हा चौघांना सगळ्यांच्या आधी वर नेलंत. डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत आले, एकटी, एकदाही न पडता. तसं पुन्हा माझ्या आयुष्यात काही झालं नाही, मिस. नुसतं वाईट असतं तर मी कधीच विसरून गेले असते."

लम्बनी खिडकीकडे बघत पुरेसा वेळ जाऊ दिला. मेलेल्यांच्या घरी रोज बसणाऱ्या माणसाला गप्प कसं बसायचं ते कळतं. मग ते म्हणाले की मत घ्यायला हवं. सहल चालू ठेवावी म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत.

हॉब्सन आणि मिसेस हॅडली. मी नोरीनकडे बघत होते. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मी पेन टेबलावर आपटलं, मुद्दाम. तिने बघितलं नाही.

बंद करावी म्हणणारे.

पेल, पाद्रीबुवा. कर्स्टीचा हात वर गेला आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. निकाल तर तिथेच लागला होता. नोरीनला काहीच करायची गरज नव्हती. गप्प बसली असती तरी चाललं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना सांगता आलं असतं की समितीने माझ्यावर मात केली. पण तिने हात वर केला. सावकाश, कोपरातून सरळ, खांद्याच्या वर. पेलनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

गाडीपर्यंत मी तिच्या मागे जवळजवळ धावलेच. मला इतका संताप आला होता की थंडी जाणवत नव्हती.

"हे काय केलंस गं? बावीस वेळा नेलीस पोरं. एकीने चार अश्रू गाळले आणि संपलं? आणि डेमीचं काय? तिला कोण सांगणार?"

"मी," नोरीन म्हणाली.

"अगं, पण त्या पोरीला—"

"माझ्याकडे घरी फोटो आहेत, बेरिल. दर वर्षीचा एक. जिन्याच्या भिंतीवर लावलेत. सगळ्यांत नारिंगी पोरं पुढे बसलेली आहेत, हसतायत. मी दरवेळी त्यांना पुढे बसवायची, कारण मला वाटायचं ती माझी आहेत." किल्ली तिला कुलपात घालता येईना. "आता वर झोपायला जाताना मी कुठे बघायचं?"

मी किल्ली तिच्या हातातून घेतली आणि गाडीचं दार उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी व्यायामाच्या हॉलकडे गेले. निमित्त काही नव्हतं, खोटं कशाला बोलू. नोव्हेंबरपासून नोरीन सहलीच्या पोरांना तिथे तयार करायची. पाठ भिंतीला टेकवायची, गुडघे मोडायचे, आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसून राहायचं. स्कीला मांड्या दगडासारख्या लागतात, ती म्हणायची. कितीही थरथरल्या तरी तिची शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही, हा नियम. मी दारात पोचले तेव्हा सगळी रांग भिंतीला बसलेली होती आणि नोरीन त्यांच्यासमोर उभी होती, गळ्यात शिट्टी.

"सहल होणार नाही," तिने सांगितलं. "काल समितीने ठरवलं. बंद करा म्हणून मीही हात वर केला. कुणी विचारलं तर तसंच सांगा. मला भाग पाडलं वगैरे सांगू नका."

हॉब्सनचा पोरगा आधी उठला. तो वाईट नव्हता, फक्त चिडला होता. म्हणाला, जाऊ दे, बाबा ईस्टरला नेणारच आहेत. एका मुलीने रडायला सुरुवात केली, तिला मैत्रिणींनी मिठी मारली. एकेक करून दप्तरं उचलली गेली. काहींनी जाताना 'सॉरी मिस' म्हटलं. हॉल रिकामा झाला.

डेमी उठली नव्हती. पाठ भिंतीला, गुडघे मोडलेले, हात मांड्यांवर. तिचे पाय थडथड उडत होते.

"डेमी, ऊठ बाळा. झालं."

"तुम्ही शिट्टी नाही वाजवलीत, मिस."

नोरीनने शिट्टी हातात घेतली. ओठांपर्यंत नेली. तिला फुंकता आली नाही. मग ती भिंतीशी गेली आणि डेमीच्या शेजारी पाठ टेकून, गुडघे मोडत मोडत, दुखऱ्या कमरेला हात लावत तशीच अधांतरी बसली. दोघी समोर बघत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आईला रात्री कामावरच कळलं. म्हणाली, कोटांवरून झालं सगळं," डेमी म्हणाली.

"हो."

"मला कुठलाही चालला असता, मिस."

"माहितीये मला," नोरीन म्हणाली.

तिचेही पाय आता थरथरायला लागले होते. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिले, आत कुणी येऊ नये म्हणून. तासाची घंटा झाली, कॉरिडॉर भरला आणि रिकामा झाला. आतून दोघींपैकी कुणीही उठल्याचा आवाज आला नाही.